उतरताना देवी आणते

आमच्या पिकअपच्या उजव्या दारावर कायम एक तांबडा ओघळ असायचा. माझा थोरला भाऊ, दादा, गाडी चालवताना गुटखा खायचा आणि खिडकीतून थुंकायचा. ते वाऱ्याने मागे येऊन दारावर आणि हौद्याच्या पत्र्यावर सुकायचं. सकाळी फुलं भरायच्या आधी ते धुवायचं काम माझं. गोठ्यातलं शेण मी रोज हाताने काढत होते, त्याची मला कधी किळस आली नाही. पण तो ओघळ नखाने खरवडताना मी तोंड फिरवून घ्यायची. त्याच हौद्यात आम्ही झेंडूच्या पाट्या ठेवायचो, आणि ती फुलं गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन देवाच्या गळ्यात पडायची. बाई, म्हणजे माझी आई, म्हणायची, "धू की निमूट. गाडीचा मालक हाय तो." मी म्हणायची, "मालक नाना हाय," म्हणजे आमचे वडील. "मग ड्रायव्हर तर हाय ना," बाई म्हणायची, जणू ड्रायव्हर ही मालकाच्या वरची पायरी होती. आमच्या घरात ती होतीच.

मळा आमचा नाशिकजवळ, मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि बांधाकडेने कोथिंबीर-मेथी. चौथीनंतर मला शाळेतून काढलं, कारण फुलं सकाळी तोडावी लागतात आणि शाळाही सकाळचीच होती. त्याचं मला आता काही वाटत नाही. लिहायला-वाचायला येतं, तेवढं पुरलं. उजाडताना तोडणी सुरू व्हायची. दवाने परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. विहिरीवरची मोटर एका सुरात घरघरत असायची आणि ती बंद पडली की नानांची शिवी ऐकू यायची. न्याहारीला कालची बाजरीची भाकरी कुस्करून तिच्यावर कच्चं तेल आणि तिखट, वर चहा. झेंडूच्या चिकाने बोटं काळी-हिरवी व्हायची आणि प्रत्येक घासाला तो कडवट वास यायचा. दुपारी ओसरीवर बसून मी, बाई आणि वहिनी हार ओवायचो. वहिनीचं नाव शैला. ती इगतपुरीची. तिचे वडील रेल्वेत होते, सिग्नलच्या कामावर. ती कमी बोलायची. सुई मात्र तिची आम्हा दोघींपेक्षा जलद चालायची. तिची मुलगी पिंकी आमच्यामध्ये बसून तुटक्या पाकळ्यांचे ढीग करायची. माझं लग्नाचं वय उलटत चाललंय असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ऐकून ऐकून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

पिकअप यायच्या आधी फुलं दुसऱ्याच्या टेंपोने जायची. नानांनी जुनी पिकअप घेतली, तेव्हा दादाला फक्त ट्रॅक्टर येत होता. तो त्या टेंपोवाल्याशेजारी काही दिवस बसला, मोकळ्या रस्त्याला स्टेअरिंग हातात धरलं, आणि सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं की याचा हात बसला. शिवणयंत्रावर हात बसतो, रांगोळीवर हात बसतो, तसा हा गाडीवर बसला. स्टेअरिंग वळलं की गाडी वळते, हॉर्न दाबला की लोक बाजूला होतात, एवढं त्याला कळलं आणि शिक्षण संपलं. त्याला ब्रेकच्या आधी हॉर्न सुचायचा. जेवताना तो सांगायचा, "आज द्वारका चौकात एका एसटीला असा कट मारला ना नाना, त्याच्या ड्रायव्हरचं तोंड बघायला पायजे होतं." नाना हसायचे आणि म्हणायचे, "हळू रं." पण ते ज्या आवाजात म्हणायचे तो आवाज शाबासकीचा होता. बाई लगेच त्याच्या ताटात गरम भाकरी टाकायची. मी कधी एका बैठकीत दहा-दहा हार जास्त ओवले, तर कुणी माझ्या ताटात काही टाकलं नाही.

सकाळचे हार दिले की मी पंचवटीत एका वळणावर टोपली घेऊन बसायची. माझ्या समोर एक ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक खोली, एक फळा आणि एक पांढरी गाडी. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक-क्लच बसवलेले होते. तिथल्या मास्तरांना सगळे मास्तरच म्हणायचे. पोट सुटलेला, शर्टाला बटण नसलेला, दिवसभर ओरडणारा माणूस. फळा फुटपाथवर आणून ते शिकवायचे, कारण खोलीत पंखा नव्हता. शिकायला आलेली पोरं बसल्या बसल्या जांभया द्यायची. मी गजरे करत ऐकायची, कारण कानाला झाकण नसतं. पुढच्या गाडीच्या किती मागे राहायचं, वळणावर ओव्हरटेक का करायचा नाही, रात्री समोरून गाडी आली की मोठा दिवा खाली का करायचा, सगळं ऐकून पाठ झालं होतं. घाटाचा धडा आला की मास्तर खडू फळ्यावर आपटायचे. "ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरायचं. गाडीला इंजिन धरून ठेवतं, ब्रेक नाय. गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडली की ब्रेकचा जोर जातो, मग पाय तोडून दाबा, काय उपयोग नाय. कळलं का?" पोरं म्हणायची, कळलं. मग एक जण विचारायचा, "सर, लायसन कधी मिळंल?"

दादाचं लायसन याच मास्तरांनी काढून दिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही, पण दादा ते घरात गंमत म्हणून सांगायचा, आणि तो फुशारकी मारताना खोटं बोलायचा नाही, खरंच बोलायचा. परीक्षेला मास्तरांचीच गाडी होती. दादाने नुसतं स्टेअरिंग धरलं. शेजारी बसलेले मास्तर त्यांच्या पायाखालचा क्लच, ब्रेक दाबत गाडी चालवत होते. मागे बसलेल्या आरटीओच्या साहेबाला वाटलं पोरगा चालवतोय. "आपण फक्त नवरदेवासारखे बसलो व्हतो," दादा म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "आमच्या आण्णांना सिग्नलची परीक्षा तीनदा द्यावी लागली होती." दादा म्हणाला, "म्हणून ते सिग्नलवरच राहिले." परत हशा. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, तुम्ही शिकवता एक आणि करता एक, असं का?" ते गजरा हुंगत म्हणाले, "ज्याला शिकायचं त्याला शिकवतो. ज्याला नुसतं कार्ड पायजे त्याला कार्ड देतो. धंदा हाय बाई." त्या माणसाची मला जेवढी किळस आली तेवढी दारावरच्या ओघळाची आली नसेल. न कळणाऱ्याला मी समजू शकते. त्याला सगळं कळत होतं.

नाशिकच्या बाजूला नवी-जुनी कुठलीही गाडी घेतली की ती आधी सप्तशृंगीच्या गडावर न्यायची. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला खणाची चिंधी. एकदा एवढं केलं की गाडीचं पुढचं सगळं देवी बघते, असं लोक धरून चालतात. आजही चालतात. आता माझ्या मुलाच्या गाडीत पट्टा न लावता बसलं की टूं टूं वाजतं. त्याने काय केलंय, पट्टा सीटच्या मागून ओढून कायमचा खाचेत अडकवून ठेवलाय. पट्टा लावलेला, माणूस मोकळा. आणि पुढे काचेला देवीचा फोटो. देवीवर माझी भक्ती आहे, मी दर चैत्रात जाते. पण ब्रेक दाबायचं काम मी तिला कधी सांगितलं नाही.

पिकअप गडावर नेऊन आणल्यावर दादाला गडाची चटक लागली. फुलांच्या फेऱ्या झाल्या की तो मागे माणसं भरून गडाची भाडी करायला लागला. नांदुरीपासून वर गडापर्यंत घाट आहे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. तो घाट उतरताना दादा चावी बंद करायचा. गाडी न्यूट्रलमध्ये आपोआप खाली यायची, डिझेल वाचायचं. "चढताना डिझेल लागतं, उतरताना देवी आणते," असं तो म्हणायचा, आणि हे वाक्य आमच्या गल्लीत इतकं आवडलं की दुसरे गाडीवालेही म्हणायला लागले. नाना पाहुण्यांना कौतुकाने ऐकवायचे. मी एकदा म्हटलं, मास्तर तर गिअरातच उतरायला सांगतात. दादा म्हणाला, "मास्तरनं आयुष्यात घाट पाह्यला नाय. ह्या चौकातून त्या चौकात गाडी फिरवतो."

त्या चैत्रात आम्ही सगळे गडावर गेलो, देवीची ओटी भरायला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचा तक्कू, फडक्यात बांधलेला नैवेद्य. नाना पुढे दादाजवळ. मागे हौद्यात गोणपाट टाकून बाई, वहिनी, पिंकी आणि मी. तो उतरताना काय करतो हे मला ठाऊक होतं. पण वाटलं, घरची माणसं मागे बसलीत, स्वतःची पोरगी मागे बसलीय, आज नाही करणार. माणसाला अक्कल असते असं मी तेव्हा धरून चालत होते. दर्शन झालं, ओटी भरली, दशम्या खाल्ल्या, माकडांनी केळी पळवली, पिंकी हसून हसून लोळली. दुपार टळल्यावर निघालो. गडावरून पहिलं वळण घेतलं आणि एकाएकी आवाज बंद झाला. इंजिनाचा आवाज गेला की काय काय ऐकू येतं ते सांगते. वारा ऐकू येतो, टायरखालची खडी ऐकू येते, शेजारच्या बाईच्या बांगड्या ऐकू येतात. बाई म्हणाली, "कसं निवांत वाटतंय." गाडी वेग घेत होती. वळणावर आम्ही तिघी एकीकडून दुसरीकडे घसरत होतो. वहिनीने पिंकीला मांडीत दाबून धरलं होतं आणि तिचा दुसरा हात पत्र्यावर पांढरा पडला होता. मग वास यायला लागला, चिंधी जळते तसा. मी केबिनच्या मागच्या काचेवर थापा मारल्या. नानांनी मागे वळून पाहिलं आणि हात हलवला, जणू मी टाटा करत होते.

पुढे एका रुंद वळणावर दादाने गाडी कशीबशी थांबवली. मी थापा मारल्या म्हणून नाही, त्याला लघवीला लागली होती म्हणून. मी खाली उतरले. चाकाजवळ उभं राहवत नव्हतं इतकी धग येत होती. दादा पँट सारखी करत आला.

"गाडी बंद कशाला केली रे?" मी विचारलं.

"डिझेल काय तुझा बाप देतो?"

"तोच देतो. तो काय पुढं बसलाय."

नाना खिडकीतून म्हणाले, "लिले, चढ गं मुकाट्यानं. उशीर होतोय."

"त्याला गिअरात घालायला सांगा. मग चढते."

दादाने पुडी फोडून तोंडात टाकली. "हारवाली आता गिअर शिकवती. मास्तरनं नोकरीला ठेवली का तुला?"

"चाकाला हात लावून बघ. बघ ना."

"घाटात चाक तापतंच. तुला काय ते थंड लागतं का, फुलासारखं?"

वरून बाई म्हणाली, "देवीच्या दारातून निघताना असं अभद्र बोलू नाय. चढ."

"मी येत नाय," मी म्हटलं. "पिंकीला पण नेऊ देणार नाय."

"पोरगी काय तुझी हाय?" दादा म्हणाला. पोरगी माझी नव्हती. तेवढ्यात वहिनी उठली. तिने पिंकीला हौद्याच्या मागच्या फळकुटावरून उचललं आणि खाली माझ्या हातात दिलं. मग तिच्या चपला दिल्या. "हिला चपला घाला, लीलाताई. डांबर तापलंय," एवढंच बोलली, जणू मी पोरीला शेजारी खेळायला नेत होते. मी म्हटलं, "वहिनी, तू पण उतर." तिने केबिनकडे पाहिलं. मला हळूच म्हणाली, "हे बोलतील." आणि परत गोणपाटावर बसली, हात पत्र्यावर ठेवून.

मी पुष्कळ बायका पाहिल्यात. पाण्यात उडी घेणाऱ्या पाहिल्या, नवऱ्याला दारातून हाकलणाऱ्या पाहिल्या. पण आपली पोर खाली देऊन स्वतः गाडीत बसून राहिलेली एवढीच पाहिली. तिला कळत होतं. मला कळत होतं त्याहून जास्त कळत होतं. दरीत जाण्याच्या भीतीपेक्षा नवऱ्याच्या बोलण्याची भीती मोठी, असं घर आम्ही तिला दिलं होतं. आम्ही म्हणजे नाना, बाई, दादा आणि मीही, त्या घरातली नणंद. गाडी सुटली आणि आवाज न करता वळणाआड गेली. मी आणि पिंकी कडेच्या सावलीत उभ्या राहिलो. खालून काही ऐकू येतंय का म्हणून मी कान लावून होते. काही आलं नाही. थोड्या वेळाने वरून एसटी आली. हात केला, थांबली. ती खालच्या गिअरात उतरत होती, इंजिन कण्हत होतं, माणसं वैतागून म्हणत होती, याच्यापेक्षा चालत लवकर पोचलो असतो. पिंकीने विचारलं, "आत्या, ही गाडी का ओरडती?" मी म्हटलं, "तिला धरून ठेवलंय म्हणून."

नांदुरीला उतरले तर पिकअप चहाच्या टपरीसमोर उभी. दादा बादलीने चाकांवर पाणी मारत होता, वाफ निघत होती, आणि तो टपरीवरच्या लोकांना तो वाफेचा खेळ दाखवत होता. सगळे धडधाकट. बाई पेढ्याचा पुडा उघडून बसली होती. वहिनीने पिंकीला माझ्याकडून घेतलं आणि तिचे पाय पाहिले. दादा म्हणाला, "आली बघा विमानानं. काय झालं का आम्हाला? सांग ना. काय झालं?" काहीच झालं नव्हतं, तर काय बोलणार? नाना म्हणाले, "देवीवर तुझा भरोसा नाय, म्हणून तुझं कुठं जमत नाय." घरी गेल्यावर माझं नाव एसटी पडलं. "एसटीबाई, चहा आणा." "एसटीबाईला थांबा दिसला वाटतं." गल्लीतली पोरंसुद्धा म्हणायची.

मी हे इतकं लांबण लावून लिहितेय ते एवढ्यासाठी की लोक अपघातावर बोलतात आणि ज्या दिवशी अपघात होत नाही त्यावर कुणी बोलत नाही. त्या दिवशी काही झालं नाही, हेच वाईट झालं. दादाला तो दिवस पुरावा म्हणून मिळाला. त्यानंतर तो प्रत्येक खेपेला चावी बंद करायचा आणि प्रत्येक खेपेला काही व्हायचं नाही. त्याच्या मनात ते पक्कं बसत गेलं. चुकीची सवय अशीच लागते, तिला कुणी शिक्षा करत नाही. माणूस रोज वाचतो आणि रोज जास्त मूर्ख होतो. माझा नातू एका हाताने स्कूटर चालवतो, दुसऱ्या हातात मोबाईल. म्हटलं तर सांगतो, "आजी, रोज जातो, काय झालंय का आजपर्यंत?" शब्द तेच. तोंड फक्त नवीन.

वहिनीने मात्र एक केलं. त्यानंतर पिंकीला त्या गाडीत कधी बसवलं नाही. तिचं डोकं दुखतंय, तिला उलटी होते, तिची आत्या तिला सोडत नाही, असं काहीतरी सांगायची. स्वतः जायची. नवरात्रात गल्लीतल्या बायकांना घेऊन दादा गडावर निघाला, तेव्हाही ती पुढे त्याच्याशेजारी बसून गेली आणि पिंकी माझ्याजवळ राहिली. दुपारी शेजारच्या बूथवर फोन आला. बूथवाल्याचा पोरगा पळत येऊन सांगून गेला की पिकअपने नांदुरीत माणूस मारला. नाना आणि मी मिळेल त्या गाडीने गेलो. वाटेत नाना सारखे म्हणत होते, "ब्रेक फेल झाले असतील. जुनी गाडी, ब्रेकच फेल झाले असतील." अजून काही कळलं नव्हतं आणि त्यांचं उत्तर तयार होतं.

घाट जिथे संपतो तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-फुलांची दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानाची बाई हंडा घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडीचा आवाजच नव्हता, म्हणून तिने वळून पाहिलं नाही. दादाने हॉर्न दाबून धरला. ती दचकून जागेवर उभी राहिली, जसं कुणीही राहील. मग त्याने ब्रेक दाबला आणि ब्रेक दगडासारखा झाला होता. गाडी तिच्यावरून जाऊन दुकानात घुसली. मागच्या दोन बायकांचे हात मोडले. दादाच्या कपाळाला खोक, वहिनीचा गुडघा सुजलेला. मी पोचले तेव्हा तो हंडा अजून रस्त्यात होता, चेपलेला, आणि त्या बाईचा म्हातारा नवरा तो हातात घ्यायचा आणि परत खाली ठेवायचा. तिचं नाव मी विचारून घेतलं. इथे लिहीत नाही, तिची माणसं अजून तिथे आहेत. आमच्या घरात ते नाव कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

चौकीत दादा बाकावर बसला होता. हवालदाराने विचारलं, कसं झालं. दादा म्हणाला, "साहेब, ब्रेक फेल झाले." नाना म्हणाले, "जुनी गाडी हाय साहेब, ब्रेक फेल झाले." मागे बसलेल्या बायकांतली एक म्हणाली, "व्हय, फेलच झाले. देवीच्या मनात होतं." सगळ्यांना ते पटत होतं. ब्रेक फेल झाले म्हटलं की कुणीच काही केलेलं नसतं, सगळं लोखंडाने केलेलं असतं. हवालदार लिहायला लागला. लिहिता लिहिता, विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "बाई, तुम्ही पुढंच बसला होता ना? असंच झालं ना?"

दादा वहिनीकडे बघत होता. नानाही. वहिनी उभी होती, कारण गुडघ्यामुळे तिला बसता येत नव्हतं. ती म्हणाली, "ब्रेक फेल नाही झाले. चावी बंद होती."

"काय?" हवालदार म्हणाला.

"गाडी बंद करून आणत होते. गडावरून इथपर्यंत. दर वेळी तसंच आणतात."

दादा म्हणाला, "डोक्याला लागलंय साहेब तिच्या. काय पण बोलती."

"गुडघ्याला लागलंय," वहिनी म्हणाली. "चावी बघा, अजून बंदच असंल."

नाना तिच्याजवळ गेले आणि दात दाबून म्हणाले, "शैला, नवरा हाय तुझा." ती म्हणाली, "हो नाना." पण बोललेलं मागे घेतलं नाही. हवालदार एकदा तिच्याकडे, एकदा दादाकडे पाहत राहिला. मग त्याने आधी लिहिलेलं खोडलं.

दुसऱ्या दिवशी दादाला जामीन मिळाला. पुढे केस चालली, किती चालली ते सांगून उपयोग नाही, आणि ती चालत होती तोवर तो दुसऱ्याच्या गाड्या चालवत होता. ज्या माणसाने एका बाईला मारलं त्याच्या हातून चावी काढून घ्यायची कुणाला सुचलं नाही, ना घरात ना बाहेर. त्याला नव्याने शिकायला पाठवावं हे तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. उलट लोक म्हणायचे, आता त्याला अनुभव आला. मेलेल्या बाईच्या नावावर हा अनुभव मिळवला.

जामीन झाला त्या संध्याकाळी बाईने चूल पेटवली आणि मोठ्याने, भिंतीशी बोलल्यासारखी बोलत राहिली. नवऱ्याला अडकवणारी बायको तिने जन्मात पाहिली नव्हती. इगतपुरीला परत पाठवावं, म्हणजे रेल्वेवाल्यांचे सिग्नल तिकडेच दाखवील. नाना ओसरीवर बसून कुणाला तरी सांगत होते की नांदुरीच्या त्या बाईच्या दहाव्याला आपल्या मळ्यातला झेंडू पाठवू, चांगली पाटीभर, म्हणजे त्यांच्या मनातलं जाईल. मी म्हटलं, "मी तोडणार नाय." नाना म्हणाले, "तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं, "तोडते कोण? ओवते कोण?" पाटी गेली नाही.

वहिनी आतल्या खोलीत पाय लांब करून बसली होती, पिंकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून. ती जायच्या तयारीला लागली नव्हती आणि राहायच्याही नाही. मी भाकऱ्या केल्या. आमच्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग बायका. त्या दिवशी मी पहिलं ताट वाढलं, भाकरी, मेथी, कांदा, आणि ते वहिनीपुढे नेऊन ठेवलं. बाईने पळी आपटली. दादा दारात आला, कपाळाला पट्टी, गालात पुडी, आणि त्याने ताटाकडे पाहिलं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने भाकरी मोडली, पहिला घास पिंकीला दिला, आणि सावकाश जेवायला लागली. ती हात धुवून उठेपर्यंत आमच्यातलं कुणीच जेवलं नाही.